आजपासून पुढे की तेव्हापासून पुढे? इंग्रजीतला 'फ्यूचर इन द पास्ट'

पुण्यातल्या कुठल्याही घरात, कट्ट्यावर किंवा ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज ऐकू येणारी दोन वाक्यं घेऊ. "मी तुला फोन करणार होते, पण मीटिंग लांबली." आणि दुसरं, "दादा सहाला येईन म्हणाला." पहिल्या वाक्यात फोन करायचा बेत काल होता आणि फोन त्या बेताच्या पुढे होता. दुसऱ्यात दादा बोलला तेव्हा सहा वाजायचे होते. दोन्हीकडे एक गोष्ट अशी आहे की ती मागच्या एका क्षणापासून बघितली तर पुढची, पण आज बघितली तर बहुधा मागे पडलेली. इंग्रजी व्याकरणात याला 'फ्यूचर इन द पास्ट' म्हणतात.

शाळेत आपण इंग्रजी काळांचा बारा घरांचा तक्ता पाठ करतो. त्यात याला घर नाही. म्हणून बहुतेकांची समजूत "वुड म्हणजे विलचा भूतकाळ" या एका ओळीवर थांबते आणि पुढे ईमेलपासून मुलाखतीपर्यंत सगळीकडे गोंधळ होतो. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो. नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी बसलेली मुलं असोत की हिंजवडीत परदेशी ग्राहकाशी बोलणारे इंजिनिअर, त्यांचं बाकीचं इंग्रजी चांगलं असतं आणि नेमकं इथे वाक्य डगमगतं.

नीट समजायला तीन वेळा डोळ्यांसमोर ठेवा. एक 'आज', म्हणजे आपण बोलतो आहोत ती वेळ. दुसरी 'तेव्हा', म्हणजे मागचा तो क्षण जिथून पुढे बघितलं जात होतं. तिसरी 'पुढे', म्हणजे जे घडणार होतं ते. साध्या भविष्यकाळात 'तेव्हा' नसतोच, आजपासून सरळ पुढे बघायचं. फ्यूचर इन द पास्टमध्ये 'तेव्हा' असतो आणि इंग्रजीचा आग्रह असा की तो क्रियापदावर दिसलाच पाहिजे. वाक्य लिहिताना स्वतःला एवढंच विचारा: मी आजपासून पुढचं सांगतोय की तेव्हापासून पुढचं?

पुण्याचंच ताजं उदाहरण बघा. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोचं उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पुण्यात व्हायचं ठरलं होतं. मुसळधार पावसामुळे दौरा रद्द झाला आणि २९ तारखेला दूरदृश्य प्रणालीवरून उद्घाटन झालं. आता २५ तारखेला कुणी बोलत असेल तर तो म्हणेल, "द प्राइम मिनिस्टर विल ओपन द लाइन टुमॉरो." हे आजपासून पुढे. तीच गोष्ट आपण आता सांगायची तर, "ऑन द ट्वेंटी-फिफ्थ, एव्हरीवन थॉट द प्राइम मिनिस्टर वुड ओपन द लाइन द नेक्स्ट डे." 'विल'चं 'वुड' झालं, कारण पुढे बघणं २५ तारखेचं आहे. 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' झालं, कारण आपला उद्या आणि त्यांचा उद्या वेगळा. आणखी एक गोष्ट इथे दिसते. उद्घाटन त्या दिवशी झालं की नाही, हे 'वुड' सांगत नाही. तेव्हा काय पुढे दिसत होतं एवढंच ते सांगतं. काय झालं ते पुढच्या वाक्यात.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना

मराठी माणूस इथे सर्वांत जास्त का अडतो, याचं कारण मराठीच्या घडणीत आहे. आपण दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच तोंडचं ठेवतो. "आई सहाला येईन म्हणाली" यातलं 'येईन' हे आईचं स्वतःचं रूप आहे, प्रथमपुरुषी आणि भविष्यकाळी. 'की' घालून सांगितलं तरी काळ हलत नाही: "आई म्हणाली की ती सहाला येईल." बोलणं काल झालं, सहा कधीच वाजून गेले, तरी 'येईल' तसंच राहतं. 'तेव्हा' दाखवायचं काम एकट्या 'म्हणाली'ने केलं, पुढच्या क्रियापदाला त्याची झळ लागली नाही. मराठीपुरतं हे अगदी बरोबर आहे. पण हीच घडण घेऊन आपण इंग्रजीत शिरलो की "मदर सेड शी विल कम ॲट सिक्स" असं वाक्य तयार होतं, आणि सहा वाजून गेलेले असताना इंग्रजी कानाला ते खटकतं. हवं ते असं: "मदर सेड शी वुड कम ॲट सिक्स." आईचं 'आय ॲम गोइंग टू कम' असेल तर 'शी वॉज गोइंग टू कम', 'आय ॲम कमिंग' असेल तर 'शी वॉज कमिंग', 'आय विल बी वेटिंग' असेल तर 'शी वुड बी वेटिंग'. म्हणजे मूळ वाक्यातलं पहिलं सहायक क्रियापद तेवढं भूतकाळात जातं, बाकीचं जागच्या जागी राहतं.

मग 'विल' कधीच ठेवायचं नाही का? ठेवता येतं, पण एकाच परिस्थितीत: सांगितलेली गोष्ट आजही पुढेच असेल तर. ताईने सकाळी सांगितलं, उद्या येते, आणि तुम्ही संध्याकाळी आईला ते सांगताय. "ताई सेड शी विल कम टुमॉरो" चालेल, कारण उद्या अजून उजाडायचा आहे. "ताई सेड शी वुड कम टुमॉरो" हेही तितकंच बरोबर. शंका आली तर 'वुड' घ्या. 'सेड', 'थॉट', 'न्यू', 'होप्ड', 'प्रॉमिस्ड' अशा भूतकाळी क्रियापदांमागे 'वुड' लावून फसण्याची वेळ जवळपास येत नाही.

जुन्या ब्रिटिश पुस्तकांत 'आय' आणि 'वी'बरोबर 'वुड'च्या जागी 'शुड' दिसेल. अर्थ तोच. आज लिहिताना 'वुड'च लिहा, कारण 'शुड'चा आजचा वाचक 'पाहिजे' असा अर्थ लावतो.

बेत होता, तो राहिला

'वॉज गोइंग टू' मात्र आपलं ओळखीचं आहे. "करणार होते" हे रूप उघडून बघा. 'करणार'मध्ये पुढे, 'होते'मध्ये तेव्हा. "वॉज गोइंग टू कॉल" उघडा: 'वॉज'मध्ये तेव्हा, 'गोइंग टू कॉल'मध्ये पुढे. "आय वॉज गोइंग टू कॉल यू, बट द मीटिंग रॅन लेट." इतका जवळचा मेळ इतरत्र क्वचित सापडतो. दोन्ही भाषांत हे रूप ऐकलं की ऐकणारा मनातल्या मनात 'पण' ऐकतो. "मी येणार होतो" एवढंच बोलून गप्प बसलात तरी समोरच्याला कळतं की आला नव्हतात. इंग्रजीतही तसंच. हे व्याकरण सांगत नाही, वापरातून आलेला वास आहे तो. बेत पार पडलेला असेल तरीही हे रूप चुकीचं नसतं: "शी टोल्ड मी शी वॉज गोइंग टू अप्लाय, अँड शी डिड."

इथे एक जागा जपायची. मराठीत "करणार होतो" आणि "करायचं होतं" या दोन गोष्टी आहेत आणि आपण बोलताना त्या नकळत अचूक वापरतो. "मी त्या दिवशी राजीनामा देणार होतो" म्हणजे ठरलं होतं. "मला त्या दिवशी राजीनामा द्यायचा होता" म्हणजे मनात होतं, ठरलं होतं की नाही ते माहीत नाही. पहिल्याला 'आय वॉज गोइंग टू रिझाइन'. दुसऱ्याला 'आय वॉन्टेड टू रिझाइन'. आणि "मला त्या दिवशी फी भरायची होती" असं म्हणताना ती भरणं भाग होतं असा अर्थ असेल, तर 'आय हॅड टू पे द फीज दॅट डे'. या तिन्हींना एकच 'वॉज गोइंग टू' लावलं की इंग्रजीत इच्छा, बेत आणि सक्ती यांची सरमिसळ होते. मुलाखतीत "नोकरी का सोडली" या प्रश्नाला उत्तर देताना हा फरक फार मोठा ठरतो.

मग 'वुड' आणि 'वॉज गोइंग टू' यांत निवड कशी करायची? पहिली कसोटी, वाक्यात कुणी म्हणालं, वाटलं, माहीत होतं असं काही आहे का? असेल तर दोन्ही चालतात. नसेल, तर साध्या बोलण्यात बेतासाठी 'वॉज गोइंग टू'च. "आय वुड कॉल यू, बट द मीटिंग रॅन लेट" हे वाक्य अनेकजण लिहितात. त्यातल्या 'वुड'ला टेकायला काही नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला 'मी फोन केला असता' आणि 'मी फोन करायचो' यांच्या मधलं काहीतरी वाटतं. दुसरी कसोटी, निर्णय तिथल्या तिथे झाला की आधीच ठरला होता? शेजारचे काका नळाची गळती बघून "बघतो मी" म्हणाले असतील, तर "ही सेड ही वुड लुक इन्टू इट." इथे 'वॉज गोइंग टू' घातलं तर काका आधीपासूनच ठरवून आले होते असं होतं. वचन, तयारी दाखवणं, तत्क्षणी घेतलेला निर्णय, यांना 'वुड'. आणि डोळ्यांसमोरच्या खुणांवरून काढलेल्या अंदाजाला 'वॉज गोइंग टू' जास्त शोभतं: सिंहगडाच्या बाजूने ढग भरून आले होते, "इट वॉज गोइंग टू रेन."

ठरलेल्या कार्यक्रमासाठी 'वॉज'मागे 'इंग'चं रूपही येतं. "वी वर लीव्हिंग फॉर सातारा द नेक्स्ट मॉर्निंग", म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याला निघायचं ठरलं होतं. 'द नेक्स्ट मॉर्निंग' काढून टाका, आणि तेच वाक्य 'आम्ही निघत होतो' असं होऊन बसतं. त्यामुळे हे रूप वापरताना वेळेचा शब्द सोडू नका. वेळापत्रकातल्या गोष्टींना तर साधा भूतकाळही पुरतो. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते, म्हणून आदल्या रात्री लवकर झोपलो: "अवर ट्रेन लेफ्ट ॲट सेव्हन-फिफ्टीन, सो वी वेन्ट टू बेड अर्ली." गाडी झोपेच्या पुढची, पण 'वुड लीव्ह' म्हणायची गरज नाही.

इतिहास सांगताना

आता मला सर्वांत आवडणारा भाग. इंग्रजीत चरित्र, इतिहास किंवा वास्तूची माहिती लिहिताना लेखक वाचकाला मागच्या एका वर्षात नेऊन उभं करतो आणि तिथून पुढचं दाखवतो. त्याला दोन रूपं आहेत, 'वुड' आणि 'वॉज टू'. मराठीत आपण हेच काम 'पुढे' या एका शब्दावर भागवतो आणि क्रियापद साध्या भूतकाळात ठेवतो. "धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुढे १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं." याचं इंग्रजी शब्दाला शब्द ठेवून केलं तर ती तारखांची यादी होते. इंग्रजीची रीत अशी: "इन एटीन नाइन्टी-वन, कर्वे बिगॅन टीचिंग मॅथेमॅटिक्स ॲट फर्ग्युसन कॉलेज. ट्वेंटी-फाइव्ह इयर्स लेटर ही वुड फाउंड अ युनिव्हर्सिटी फॉर विमेन, अँड ही वॉज टू रिसीव्ह द भारतरत्न इन द यिअर ही टर्न्ड वन हंड्रेड." १८९१ साली उभं राहून पुढची अर्धी-पाऊण शतकं एका वाक्यात दिसतात. त्या वेळी कर्व्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, आपल्याला माहीत आहे. या रूपाची ताकद त्या दोन जाणिवांमधल्या अंतरात आहे.

१८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाईंना लोकांचे शिव्याशाप सोसावे लागले. "मोअर दॅन अ हंड्रेड अँड सिक्स्टी इयर्स लेटर, द सिटीज युनिव्हर्सिटी वुड टेक हर नेम." पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव २०१४ साली दिलं गेलं. हेच साध्या भूतकाळात 'टुक हर नेम' असं लिहिलं तरी व्याकरण बरोबरच आहे. फक्त १८४८ची जमीन पायाखालून निघून जाते आणि वाचक आजच्या काळात परत येतो. पानशेतची आठवणही अशीच सांगता येते. धरणाचं काम अजून पूर्ण व्हायचं होतं तेव्हाच १२ जुलै १९६१ रोजी ते फुटलं. "दॅट मॉर्निंग, फ्यू पीपल इन द ओल्ड सिटी न्यू दॅट द रिव्हर वुड सून बी इन देअर हाउसेस."

'वॉज टू'ला इथे थोडं थांबून बघायला हवं, कारण त्याचे दोन अर्थ आहेत. एक वर आला तो, नियतीत असलेलं, पुढे घडलेलं. दुसरा, अधिकृतपणे ठरलेला कार्यक्रम, जो बातम्यांत दिसतो. "द प्राइम मिनिस्टर वॉज टू ओपन द लाइन ऑन द ट्वेंटी-सिक्स्थ." या वाक्यातून उद्घाटन झालं की नाही ते कळत नाही. झालं नाही, हे त्याच क्रियापदातून सांगायचं असेल तर इंग्रजीकडे खास सोय आहे: "द प्राइम मिनिस्टर वॉज टू हॅव ओपन्ड द लाइन ऑन द ट्वेंटी-सिक्स्थ." मागे 'हॅव' आलं की दार बंद झालं, ठरलेलं घडलं नाही. बातमी आणि अहवाल वाचताना हा 'हॅव' डोळ्यांतून सुटला तर अर्थ उलटा लागतो. रोजच्या बोलण्यात मात्र 'वॉज टू' वापरू नका. मैत्रिणीला "वी वर टू मीट ॲट गुडलक चौक" म्हटलं तर ते सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. तिथे 'वी वर गोइंग टू मीट' किंवा 'वी वर सपोज्ड टू मीट'.

निघणार इतक्यात

"मी निघणार इतक्यात बेल वाजली." हा 'इतक्यात' किंवा 'तोच' मराठीत जे करतो ते इंग्रजीत 'वॉज अबाउट टू' आणि 'व्हेन' मिळून करतात: "आय वॉज अबाउट टू लीव्ह व्हेन द बेल रँग." पुढची गोष्ट अगदी उंबरठ्यावर असते, म्हणून त्याच्याबरोबर वेळेचा शब्द येत नाही. 'वॉज अबाउट टू लीव्ह द नेक्स्ट डे' असं कधी लिहू नका.

'व्हेन' आलंच आहे तर एक नियम इथेच सांगते. 'व्हेन', 'बिफोर', 'आफ्टर', 'अनटिल', 'ॲज सून ॲज' आणि अटीचं 'इफ' यांच्या पोटवाक्यात 'वुड' येत नाही, साधा भूतकाळ येतो. "ही सेड ही वुड कॉल व्हेन ही रीच्ड स्वारगेट." अनेकजण 'व्हेन ही वुड रीच' लिहितात, कारण पोचणंही पुढचंच आहे असं त्यांना वाटतं. तर्क चुकीचा नाही, रीत वेगळी आहे. मराठी माणसाला ही रीत पटायला हरकत नसावी, कारण आपणही म्हणतो, "स्वारगेटला पोचलो की फोन करीन." पोचणं अजून व्हायचं आहे आणि तरी आपण 'पोचलो' म्हणतो. 'फोन करीन'च्या जागी 'वुड कॉल', 'पोचलो'च्या जागी 'रीच्ड'. मराठी वाक्य कानात ठेवून लिहिलंत तर 'वुड' दोनदा पडणार नाही.

'वुड हॅव'चे दोन चेहरे

"शी सेड शी वुड हॅव फिनिश्ड द रिपोर्ट बाय फ्रायडे." हे मुळात 'आय विल हॅव फिनिश्ड' होतं: शुक्रवारपर्यंत माझा अहवाल पूर्ण झालेला असेल. आता हे बघा: "शी वुड हॅव फिनिश्ड द रिपोर्ट, बट हर लॅपटॉप क्रॅश्ड." रूप तेच, अर्थ पार वेगळा: तिने अहवाल पूर्ण केला असता. मराठीत 'झालेला असेल' आणि 'केला असता' यांची गल्लत होऊच शकत नाही, कारण रूपंच निराळी. इंग्रजीत भोवतालच्या शब्दांवरून ओळखावं लागतं. 'बाय फ्रायडे'सारखी मुदत आणि आधी 'सेड' किंवा 'थॉट' असेल तर पहिला अर्थ. 'इफ' किंवा 'बट' जवळ असेल तर दुसरा. स्वतः लिहिताना गोंधळ होण्याची शक्यता वाटली तर मुदतीचा शब्द हमखास घाला.

ऑफिसातला 'वुड'

आता ज्या चुकीने मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती. "द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे." "आय वुड बी जॉइनिंग ऑन द फर्स्ट." "वी वुड सेंड यू द डॉक्युमेंट्स टुमॉरो." भारतीय इंग्रजीत ही वाक्यं सर्रास दिसतात. लिहिणाऱ्याला 'वुड' जास्त नम्र वाटतं, कारण 'वुड यू प्लीज' आणि 'आय वुड लाइक टू' ही खरोखरच नम्र रूपं आहेत. पण ती विनंती आणि इच्छेपुरती आहेत. सोमवारची मीटिंग आजपासून पुढे आहे, तिथे कुठलाही 'तेव्हा' नाही. म्हणून 'विल'. भारताबाहेरच्या वाचकाला "वी वुड सेंड यू द डॉक्युमेंट्स" वाचून पुढे 'इफ' येईल असं वाटतं: आम्ही कागद पाठवू, पण कसली तरी अट आहे. ज्याने प्रामाणिकपणे शब्द दिला त्याच्या शब्दाला उगाच अट चिकटते. खराडीतल्या एखाद्या टीमने हा एक 'वुड' बदलून 'विल' केला तरी त्यांच्या ईमेलमधली निम्मी संदिग्धता जाईल असं मला वाटतं. "वी विल सेंड यू द डॉक्युमेंट्स टुमॉरो" यात उद्धटपणाचा लवलेश नाही.

'वुड'ची आणखी दोन कामं ओळखून ठेवली की वाचताना अडायला होत नाही. एक, जुन्या सवयी. "आजोबा रोज पहाटे पर्वती चढायचे", "आजोबा वुड क्लाइम्ब पर्वती एव्हरी मॉर्निंग." यात पुढचं काही नाही. 'एव्हरी मॉर्निंग', 'ऑफन', 'ऑन संडेज' असा वारंवारतेचा शब्द जवळ असला की ते सवयीचं 'वुड'. राहणं, असणं, आवडणं अशा स्थितीच्या क्रियापदांना मात्र 'यूज्ड टू' लावायचं: 'ही यूज्ड टू लिव्ह इन शनिवार पेठ.'

दुसरं काम नकाराचं. "गाडी सुरू होईना" याला इंग्रजीत नेमकं "द कार वुडन्ट स्टार्ट" म्हणतात. "पोरगं जेवेना" म्हणजे "द चाइल्ड वुडन्ट ईट." 'विल' या शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'इच्छिणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे, आणि नकारात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे: मन नाही, तयारी नाही. त्यामुळे "ही वुडन्ट कम" हे वाक्य एकटं आलं तर अर्थ 'तो यायला तयार होईना'. 'तो येणार नव्हता' असं सांगायचं असेल तर 'ही वॉजन्ट गोइंग टू कम'. 'ही सेड ही वुडन्ट कम'मध्ये मात्र दोन्ही छटा मिसळलेल्या असतात, तिथे संदर्भ बघायचा.

सरावासाठी छोटा परिच्छेद देते. आधी स्वतः इंग्रजीत करा, मग खालचं बघा.

"गेल्या शनिवारी आम्ही सिंहगडावर जाणार होतो. मामा पाचला येतो म्हणाला. आम्ही खाली उतरणार इतक्यात त्याचा फोन आला. त्याची गाडी सुरू होईना. रिक्षा मिळाली की निघतो म्हणाला. आम्हाला वाटलं, सातपर्यंत गडावर गर्दी झालेली असेल. म्हणून आम्ही रविवारी जायचं ठरवलं."

"लास्ट सॅटर्डे वी वर गोइंग टू व्हिजिट सिंहगड. मामा सेड ही वुड कम ॲट फाइव्ह. वी वर अबाउट टू गो डाउनस्टेअर्स व्हेन ही कॉल्ड. हिज कार वुडन्ट स्टार्ट. ही सेड ही वुड लीव्ह ॲज सून ॲज ही गॉट ॲन ऑटो. वी थॉट द फोर्ट वुड हॅव फिल्ड अप बाय सेव्हन. सो वी डिसायडेड टू गो ऑन संडे."

मामाच्या "येतो" आणि "निघतो" या दोन्ही रूपांवर लक्ष द्या. मराठीत ती वर्तमानकाळी आहेत, पण मनातला अर्थ भविष्याचा, वचनाचा. म्हणून इंग्रजीत 'केम' किंवा 'लेफ्ट' होत नाही, 'वुड कम' आणि 'वुड लीव्ह' होतं. रूपाकडे बघून भाषांतर केलं की इथे घसरायला होतं, अर्थाकडे बघितलं की नाही. शेवटच्या वाक्यात कुणी 'वी डिसायडेड दॅट वी वुड गो ऑन संडे' लिहिलं असेल तर तेही बरोबर आहे. पण 'टू गो'मध्येच पुढे बघणं आलेलं असतं, म्हणून 'डिसायडेड', 'प्लॅन्ड', 'प्रॉमिस्ड', 'अग्रीड' यांच्या मागे कर्ता तोच असेल तर 'वुड' न घालता 'टू' घेतलेलं सुटसुटीत. कर्ता बदलला की मात्र 'वुड' परत आणायचं: 'वी डिसायडेड दॅट मामा वुड ड्राइव्ह.'